आत्याचा १२० व्होल्टचा करूसेल आणि बाबांच्या स्लाइड : मदत हवी आहे

पागोळी (कोल्हापूर) | ३ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी.

आत्या १९८४ साली अमेरिकेतून कायमची परत आली, तेव्हा बाबांसाठी कोडॅकचा करूसेल स्लाइड प्रोजेक्टर घेऊन आली. मॉडेल ७६०एच. सोबत दोन गोल ट्रे, एक ८० घरांचा आणि एक १४० घरांचा. दिवाळीत दिवाणखान्यात पांढरी चादर टांगायची आणि शेजारपाजारचे सगळे सतरंजीवर बसायचे. मग बाबांची बदली झाली, घर बदललं आणि खोकं माळ्यावर गेलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. परवा माळा आवरताना खोकं खाली काढलं, तर आईने हातातली परडी खाली ठेवून आधी विचारलं, "चालतो का गं तो?" आई ८१ वर्षांची आहे.

स्लाइड साधारण चारशे आहेत. काही पुठ्ठ्याच्या चौकटीत, त्यांच्यावर कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) असं छापलंय आणि कडेला महिना-वर्षाचा शिक्का आहे. त्यांचे रंग कालच काढल्यासारखे आहेत. बाकीच्या प्लास्टिकच्या चौकटीत, नाव नसलेल्या. त्यांतल्या बऱ्याच गुलाबी पडल्यात. काहींवर पांढरे धागे दिसतात, बुरशी असावी.

तेव्हा एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर होता, तो सापडत नाही. प्लगची पाती चपटी आहेत. आपल्याकडचा ॲडॅप्टर लावून चालेल का? बल्ब गेला असेल तर मिळतो का? आणि गुलाबी स्लाइडचं काय करू?

कंदील (मिरज) | ३ जुलै, रात्री १०.४०

पागोळीताई, ॲडॅप्टर अजिबात लावू नका. तो फक्त पातं बदलतो, व्होल्टेज नाही. १२० व्होल्टच्या यंत्राला आपले २३० मिळाले की बल्ब त्याच क्षणी जाईल आणि पाठोपाठ मोटर. उद्या सविस्तर लिहितो. तोवर यंत्र खोक्यातच असू दे.

कंदील (मिरज) | ४ जुलै, सकाळी ७.१५

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहात २६ वर्षं ऑडिओ-व्हिज्युअल विभाग सांभाळला. सकाळी आठच्या तासाला सरांचे ट्रे भरून तयार ठेवणं हे माझं काम, म्हणून या यंत्रांबद्दल जरा जास्त लिहीन.

७६०एचला लागतो ईएलएच जातीचा हॅलोजन बल्ब, १२० व्होल्ट, ३०० वॅट. मागची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, त्याला जोडूनच येते. पंख्याची मोटर धरली की एकूण भार साडेतीनशे वॅटच्या वर जातो. तुम्हाला २३० ते ११० व्होल्टचा, तांब्याच्या तारेचा, किमान ५०० व्हीएचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. ७५० चा घेतलात तर तो तापणार नाही. हाताच्या मुठीत मावणारे हलके 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' मिळतात ते घेऊ नका. ते इस्त्री नाहीतर केस वाळवायच्या यंत्रासाठी असतात, मोटरला चालत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात विचारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत. कोल्हापुरातही मोटर वाइंडिंगवाला करून देईल.

आता एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. या प्रोजेक्टरचा पंखा साध्या एसी मोटरवर चालतो, त्यामुळे आपल्याकडे तो सहापैकी पाच हिस्से वेगानेच फिरणार. वारा कमी आणि उष्णता तेवढीच. म्हणून उजेडाचं बटण नेहमी 'लो'वर ठेवा, किंवा ईएलएचऐवजी त्याच बैठकीचा ईएनएच बल्ब लावा. तो २५० वॅटचा असतो, उजेड थोडा कमी देतो, पण टिकतो कितीतरी जास्त. ईएलएचचं ठरलेलं आयुष्य ३५ तास, ईएनएचचं १७५. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर ११० सोबत १०० व्होल्टचाही टॅप, म्हणजे वेगळी जोडणी, काढून घ्या. ५० हर्ट्झवर मोटरला १०० व्होल्टच जास्त मानवतात. तेव्हा उजेड जवळपास निम्मा होतो, पण तीन-साडेतीन फुटांच्या चित्राला अंधाऱ्या खोलीत तेवढा पुरतो.

वायर आधी वाकवून बघा. चाळीस वर्षांत वरचं आवरण कडक होऊन तडकतं. तसं असेल तर नवी वायर बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोनटक्का (ठाणे) | ४ जुलै, दुपारी १.०५

मनापासून विचारते, गैरसमज नको. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्या स्लाइड स्कॅन करून टीव्हीवर दाखवल्या तर आईंना त्याच दिसतील ना?

पागोळी | ४ जुलै, दुपारी ३.२०

सोनटक्का, मीही आधी तोच विचार केला. फोनने खिडकीशी धरून दहा-बारा स्लाइडचे फोटो काढले आणि टीव्हीवर लावले. आईने पाहिले, बरे आहेत म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. रात्री जेवताना म्हणाली, "तो खट्ट आवाज आणि मधला अंधार, त्यातच तर तुझे बाबा पुढची गोष्ट सांगायचे." म्हणून हा धागा.

कंदील | ४ जुलै, सायंकाळी ६.३०

सोनटक्का यांचा प्रश्न योग्य आहे आणि माझं उत्तर आहे, दोन्ही करा, पण आधी स्कॅन आणि मग प्रोजेक्शन.

कारण असं. कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्यं आधीपासून नसत, धुताना बाहेरून दिली जात. त्यामुळे अंधारात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही तशीच्या तशी राहते. पागोळीताईंच्या पुठ्ठ्याच्या चौकटी त्याचाच पुरावा. पण प्रोजेक्टरच्या झोतात हिचेच रंग इतरांपेक्षा लवकर उडतात. एक स्लाइड एका वेळी मिनिटाच्या आतच दाखवायची, आणि त्याच त्याच स्लाइड दर आठवड्याला लावायच्या नाहीत. गुलाबी पडलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातला निळसर रंग अंधारातच विरत गेलाय, त्या काळच्या बऱ्याच रंगीत फिल्मांचं असंच झालं. मूळ स्लाइडवर त्याला इलाज नाही. स्कॅन केल्यावर मात्र रंग बऱ्यापैकी ओढून आणता येतात, म्हणून पहिला नंबर त्यांचा.

स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढण्याची सोय असते, ती कोडाक्रोमला बंद ठेवा. ती अवरक्त किरणांवर चालते आणि कोडाक्रोमच्या थरात तिची फसगत होते, चित्रातला तपशीलच धूळ समजून पुसला जातो.

माडबन (फोंडा, गोवा) | ४ जुलै, रात्री ९.५०

बुरशीबद्दल मी सांगतो, आमच्याकडे तिचा अनुभव घरोघरी.

पागोळीताई, पाणी लावू नका. ओला कपडा नको, तोंडाची वाफ नको. बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो. माझ्या मामांनी आजोबांच्या चाळीस स्लाइड प्रेमाने धुतल्या आणि चेहरे पाण्याबरोबर गेले. ते दुःख अजून घरात आहे.

आधी रबरी फुग्याने वारा मारायचा, मग मऊ ब्रश. तेवढ्याने न निघेल तर किमान ९८ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या बोळ्याला अगदी थोडं, आणि आधी कामातून गेलेल्या स्लाइडच्या कोपऱ्यावर चाचणी. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातला उरलेला भाग पाणीच असतो. चकचकीत बाजू फिल्मची पाठ, ती पुसायला तुलनेने सुरक्षित. मंद, किंचित उठाव दिसणारी बाजू चित्राची, तिला शक्यतो हात लावू नका.

पावसाळ्यात हे काम काढूच नका, असंच मी म्हणेन. सध्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर गरम करून पुन्हा निळ्या करता येतात.

साखरवेल (एडिसन, न्यू जर्सी) | ५ जुलै, पहाटे ४.३५

पागोळी, ईएलएच आणि ईएनएच दोन्ही बल्ब इथे जुन्या साठ्यातले सहज मिळतात. मी डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय, दोन आणू शकते. इथे घरं रिकामी करताना अंगणात सामान मांडून विकतात, तिथे करूसेल हमखास दिसतो. करूसेल १९६१ मध्ये आला आणि कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं. चाळीसहून जास्त वर्षं ही यंत्रं बनत होती, त्यामुळे ट्रेंची इथे वाण नाही. मी ८० घरांचे चार ट्रे मिळून दहा डॉलरला घेतले होते.

कोडाक्रोमबद्दल वाचून भरून आलं. शेवटच्या प्रयोगशाळेने, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या, ३० डिसेंबर २०१० ला शेवटचे रोल स्वीकारले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना दिला होता, आणि त्यातली काही चित्रं त्यांनी आपल्या मुंबईत आणि राजस्थानात काढली. तुमच्याकडे ज्या आहेत त्या तशा पुन्हा कुणालाच धुवून मिळणार नाहीत. जपा.

कल्याणकर | ५ जुलै, सकाळी ११.१०

थोडं अवांतर, पण इथे शोभेल. पडद्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याची आवड आपल्याकडे फार जुनी. आमच्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचा हा जादूच्या कंदिलाचा खेळ, निवेदन आणि गाण्यासह. सिनेमा भारतात यायच्या चार वर्षं आधी! पागोळींच्या बाबांची चादर त्याच वाटेवरची.

धूळपाटी (पुणे) | ६ जुलै, रात्री ८.२५

माझ्याकडे आजोबांच्या दोनशे स्लाइड आहेत, प्रोजेक्टर नाही. जुन्या बाजारात रविवारी एक जर्मन प्रोजेक्टर बघितला, तीन हजार सांगतोय. लांबट ट्रेचा आहे, पण ट्रे नाही. लेन्सच्या जागी नुसतं भोक. घेऊ का? लेन्स नंतर मिळेल असं तो म्हणतो.

कंदील | ६ जुलै, रात्री ९.५५

नका घेऊ.

प्रोजेक्टर घेताना यंत्राकडे शेवटी बघायचं. आधी ट्रे, मग बल्ब, मग लेन्स. या तिन्हींची वाट मोकळी असेल तरच यंत्र.

ट्रे एकमेकांत चालत नाहीत, हे इथे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं. अमेरिकेकडचा गोल ट्रे ही एक जात. युरोपात लांबट पेट्या, त्यांतही घराणी वेगळी. सगळ्यांत सोयीची म्हणजे ३६ किंवा ५० घरांची, जर्मन मानकाप्रमाणे बनवलेली 'युनिव्हर्सल' पेटी. ती ब्राऊन पॅक्सिमॅटपासून अनेक यंत्रांत बसते. दुसरी सीएस, अगदी पातळ चौकटींसाठी. तिसरी एलकेएम, लाइट्झ आणि किंडरमन या जर्मन कंपन्यांची. काही प्रोजेक्टर दोन-तीन जातींच्या पेट्या घेतात, काही एकच. पेटी नसलेलं यंत्र घेतलंत तर वर्षभर तीच शोधत बसाल.

बल्बच्या बाबतीत मात्र युरोपचं यंत्र आपल्याला सोपं. २३० व्होल्टवर थेट चालतं आणि आत बहुधा २४ व्होल्टचा दोन पिनांचा हॅलोजन असतो, १५० किंवा २५० वॅट. तो फोटोच्या दुकानात मागू नका. १५० चा शस्त्रक्रियागृहाच्या दिव्यांत वापरतात, म्हणून वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात मिळतो. २५० चा रंगमंचाच्या दिव्यांचं सामान विकणाऱ्यांकडे. जुना बल्ब सोबत न्या, पिनांमधलं अंतर जुळवून घ्या. १५० च्या जागी २५० कधीही बसवायचा नाही. नवा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही, बोटाचं तेल लागलं की काच त्या जागी तापून फुगते.

आणि लेन्स का नाही ते सांगतो. पूर्व जर्मन प्रोजेक्टरच्या लेन्स, विशेषतः मेयर-ऑप्टिकची १०० मिलिमीटरची डायाप्लान, हल्ली कॅमेऱ्याला लावतात. मागच्या धूसर भागात साबणाच्या फुग्यांसारखी वर्तुळं येतात, त्याची आवड वाढलीय. त्यामुळे लेन्स वेगळी विकायची आणि धड बाजारात. मला याचं वाईट वाटतं. चालू यंत्र असं मोडू नये.

धूळपाटी | ६ जुलै, रात्री १०.१०

काका, तुम्ही वाचवलंत. मग बाजारात चालू यंत्र दिसलं तर काय तपासू?

कंदील | ६ जुलै, रात्री १०.४५

खिशात विजेरी आणि कामातून गेलेल्या पाच-सहा स्लाइड घेऊन जा. विजेरी लेन्सच्या मागून मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. मग बल्बचं झाकण उघडून बल्ब आणि स्लाइड यांच्या मधली काच बघा. उष्णता अडवणारी ती काच तडकलेली किंवा गायब असेल तर ते यंत्र घेऊ नका. तिच्याशिवाय स्लाइड अक्षरशः भाजते. भिंगं साफ करायला काढलीत तर आधी फोटो काढा, फुगीर बाजू कुठे होती ते नंतर आठवत नाही. शेवटी सोबत नेलेल्या स्लाइड पुढे-मागे फिरवून बघा. अडखळत असेल तर बहुधा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. ते साफ करून नवं लावता येतं, त्याला घाबरू नका. रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला असेल तर मात्र त्याच मापाचा पट्टा शोधावा लागेल.

पुण्यातल्या संस्थांनी भंगारात काढलेले कोडॅक एस-एव्ही २०५० अधूनमधून दिसतात. २४ व्होल्ट २५० वॅट, जर्मनीत बनलेले, आपल्या विजेवर चालणारे. माझी सगळी नोकरी त्यांच्यावरच काम करण्यात गेली. तो दिसला तर आधी त्याला हात लावा.

पागोळी | २९ ऑक्टोबर, सायंकाळी ७.४०

मंडळी, पाऊस सरायची वाट पाहिली. दीडशे स्लाइड स्कॅन झाल्या, बुरशीच्या ४१ स्लाइड बाजूला ठेवल्यात. राजारामपुरीतल्या वाइंडिंगवाल्याकडून ७५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर करून घेतला, ११० आणि १०० दोन्ही टॅप. वायर नवी बसवली. आत्याचा जुना बल्ब लागला!!

पण १४० घरांचा ट्रे लावला आणि सातव्या स्लाइडला सगळं अडकलं. ट्रे वर उचलत नाही, पुढे जात नाही. जोर लावला नाही, बल्ब बंद करून पंखा चालू ठेवलाय. काय करू?

कंदील | २९ ऑक्टोबर, रात्री ८.०५

बरोबर केलंत. दहा मिनिटांनी पंखा बंद करून प्लग काढा. ट्रेच्या मधोमध खाच असलेला मोठा स्क्रू दिसेल. त्यात रुपयाचं नाणं घालून फिरवा, थांबेल तिथपर्यंत. ट्रे मोकळा होऊन वर येईल. अडकलेली स्लाइड खाली दिसेल, ती बोटांनी सरळ वर काढा. चिमटा नको.

मग ट्रे उलटा करा, पण त्याआधी वरचं कडं घट्ट लावा, नाहीतर सगळ्या स्लाइड जमिनीवर. खालची धातूची चकती फिरवून शून्याच्या घराशी खटकन बसवा. ती बसल्याशिवाय ट्रे परत लागत नाही.

कारण माझ्या मते पुठ्ठा. १४० च्या ट्रेची घरं फार अरुंद, फक्त पातळ आणि कोऱ्या कडांच्या चौकटींसाठी. तुमच्या पुठ्ठ्याने चाळीस पावसाळे पाहिलेत, कडा फुगल्यात. ८० चा ट्रे वापरा. ज्यांचा पुठ्ठा फारच सुटलाय त्या पातळ प्लास्टिकच्या चौकटीत घाला, पण जुना पुठ्ठा टाकू नका, त्यावर बाबांचं अक्षर असेल.

पागोळी | २९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

निघाली! स्लाइडला काहीही झालं नाही. पुठ्ठ्यावर बाबांचं अक्षर आहे, "रंकाळा, मार्च ७३".

आता अजून एक. काही चित्रं उलटी येतायत, काहींत दुकानाच्या पाट्या आरशातल्यासारख्या.

साखरवेल | ३० ऑक्टोबर, पहाटे ५.००

हे मला येतं! स्लाइड हातात धरून सुलटी बघ, अक्षरं नीट वाचता येतील अशी. खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब कर. आता पडद्याकडे तोंड करून प्रोजेक्टरच्या मागे उभी राहा आणि स्लाइड डोक्यावर उभी करून घाल. टिंब वर उजवीकडे आलं की बरोबर. सगळ्यांवर टिंब करून टाक, पुढच्या वेळी अंधारातही भरता येईल.

खोली केवढी आहे? तुझी लेन्स १०२ मिलिमीटरची असेल तर दहा फुटांवरून चित्र सव्वातीन फूट रुंद येईल, पंधरा फुटांवरून पाच फूट.

पागोळी | १३ नोव्हेंबर, रात्री ११.५०

काल रात्री झालं.

आत्या इचलकरंजीहून आली होती, दोन्ही काकू, भाचरं, समोरच्या घरातले आजोबा. भिंतीला पांढरा रंग ताजा होता, म्हणून चादर लागली नाही. ८० स्लाइड, त्यांत ५२ कोडाक्रोम. १०० व्होल्टवर ठेवला होता, कंदीलकाकांनी सांगितल्याप्रमाणे उजेड पुरला.

पहिल्या पाच-सहा स्लाइड मी बोलत होते, हा रंकाळा, हा पन्हाळा. मग आई म्हणाली, "थांब, तुला नाही माहीत." आणि पुढचं सगळं तिने सांगितलं. कोणती साडी कुठून घेतली, कुणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, तीन दरवाजापाशी बाबांनी कॅमेरा कसा दगडावर ठेवला होता. स्लाइड बदलताना खट्ट होऊन अंधार व्हायचा, तेवढ्यात ती पुढचं वाक्य सुरू करायची. आमच्याआधी तिला माहीत असायचं काय येणार.

एका स्लाइडवर ती फार वेळ थांबायला सांगत होती. माझं लक्ष घड्याळाकडे, एक मिनिट होऊन गेलं होतं. शेवटी मी पुढे नेली आणि मग वाईट वाटलं. तिला ती रोज बघता यावी असं काही करता येईल का?

माडबन | १४ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

वाचताना मला माझी आई आठवली.

त्या एका स्लाइडचा मोठा कागदी प्रिंट करून घ्या, चांगल्या स्कॅनवरून. रोज बघायला तोच.

कंदील | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.००

प्रिंट कराच. आणि प्रोजेक्टरवर वारंवार लावायची असेल तर नक्कल करून घ्या. कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ पासून पुन्हा सुरू केली आहे. महाग आहे, पण एका रोलमध्ये ३६ चित्रं निघतात. मॅक्रो लेन्सने, मागून पांढरा उजेड देऊन, मूळ स्लाइडचाच फोटो त्या फिल्मवर काढायचा आणि ई-६ पद्धतीने, म्हणजे अशा फिल्मसाठीच्या रसायनांनी, धुऊन घ्यायचा. कॅमेरा आणि स्टँड माझ्याकडे आहे. मिरज ते कोल्हापूर तासाभराचा रस्ता. आईंना आवडतात त्या ३६ काढून ठेवा, मूळ स्लाइड घराबाहेर न्यायला नकोत, मीच येतो.

पागोळी | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

काका, जेवायलाच या. आईने आत्तापासून निवडायला घेतल्यात. सध्या ६१ झाल्यात.

कंदील | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.३५

मग दोन रोल आणतो.